होडीची कातडी

१८१७ साली जमशेटजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत सागवानी 'ट्रिंकोमाली' बांधली. नेपोलियनच्या लढायांनी इंग्लंडात ओकची चणचण होती, म्हणून आपलं सागवान. ती आजही हार्टलपूलला पाहायला मिळते. फळी खराब झाली, की बदलायची!

दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरच्या होड्या रूढ झाल्या. कुजणं संपलं; पण फायबरला ऊन खातं. माझ्या गिरगावकर मित्राच्या जुन्या शिडाच्या होडीवरून बोट फिरवलं, की खडूसारखी भुकटी लागे. "खरवडून रंग मारू," मी म्हणालो. लालबागचा फायबर कारागीर हसला. "काका, रंग कसला? जेलकोट आहे. जेमतेम अर्धा मिलिमीटर. तो गेला की पाणी आत."

मग ८०० नंबरचा वॉटर पेपर, पाणी मारत. नंतर १२००चा, कंपाऊंड, शेवटी मेण. कितीतरी रविवार त्यात गेले. डाव्या कुशीला आरशासारखी चमक आणायच्या ईर्ष्येने मी घासतच राहिलो, आणि खालच्या काचेच्या धाग्यांची जाळी दिसू लागली. कारागिराने न बोलता माझ्या हातातला कागद काढून घेतला.

तिथे नवा जेलकोट चढवला. त्याची छटा अजून वेगळी दिसते.