सीटी प्रतिमेची गुणवत्ता

सीटी प्रतिमेची गुणवत्ता : संगणकाच्या साहाय्याने क्ष-किरणांपासून मिळविलेल्या शरीराच्या छेद-प्रतिमेत बारीक रचना व ऊतकांतील घनतेचे फरक कितपत खात्रीने ओळखता येतात, त्याचे मान.

गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूची प्रतिमा घेतली. ती अवघ्या 80 × 80 चौकटींची असून तिच्या मोजमापांस काही मिनिटे लागत. साहजिकच श्वासाबरोबर हलणारी छाती व पोट या तंत्राच्या आवाक्याबाहेर राहिले. त्याच वर्षी जी. एन. रामचंद्रन व ए. व्ही. लक्ष्मीनारायणन या भारतीय शास्त्रज्ञांनी प्रतिमेच्या पुनर्रचनेची जलद गणिती रीत मांडली. तिच्यातील गाळणीने कडा स्पष्ट होतात. मात्र गोंगाट, म्हणजे प्रतिमेत विखुरलेले निरर्थक ठिपके, हेही वाढतात. म्हणून हाडे व फुप्फुसे यांसाठी तीव्र, तर मेंदूसाठी सौम्य गाळणी वापरतात.

इतर गोष्टी तशाच ठेवून गोंगाट निम्मा करावयाचा, तर प्रारणाची मात्रा चौपट करावी लागते. छेद पातळ घेतल्यास बारकावे दिसतात, पण गोंगाट वाढतो. सर्वांत देखणी प्रतिमा तीच सर्वोत्तम, हा समज त्यामुळे चुकीचा होय. विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत निदानापुरती स्पष्टता हीच योग्य मर्यादा मानावी. 1989 च्या सुमाराची सर्पिल व 1998 नंतरची बहुछेदी यंत्रे आल्यावर एका श्वासात छाती टिपणे शक्य झाले. 2020–21 मधील कोरोनाच्या साथीत फुप्फुसांच्या पातळ छेदांचा उपयोग झाला तो यामुळेच. धाप लागलेल्या रुग्णास मात्र श्वास रोखता येत नाही व प्रतिमा पुसट येते.

जळगाव, भुसावळ, धुळे या खानदेशी भागात उन्हाळ्यात पारा 45° से.च्या आसपास जातो. अशा ठिकाणी वातानुकूलन ही चैन नव्हे. तापमान बदलल्यास अभिज्ञातकांचा प्रतिसाद ढळतो. एखादाच अभिज्ञातक बिघडला, तर प्रतिमेत वर्तुळाकार आभासी खूण उमटते. मेंदूतील करड्या व पांढऱ्या द्रव्यांच्या अंकांत (पाणी 0, हवा –1000 या मापनात) सु. दहाचाच फरक असतो. पक्षाघाताच्या पहिल्या काही तासांत हाच फरक पुसट होणे हे मुख्य लक्षण असते. तेथे थोडी चूकही महाग पडते. याकरिता पाण्याने भरलेल्या नळकांड्याची प्रतिमा नियमितपणे घेऊन पाण्याचा अंक 0 येतो की नाही, हे रुग्ण आत घेण्यापूर्वीच पडताळतात.