कृष्ण ते सुपंडी : राम वाईरकरांची रेषा

मालवणहून तारकर्लीच्या किनाऱ्याकडे जाताना वाटेत वायरी हे गाव लागते. ‘अमर चित्र कथा’च्या आतल्या पानावर ‘राम वाईरकर’ हे नाव वाचताना मालवणी मुलखातील वाचकाला या गावाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. प्रश्न एवढाच, की ते नाव वाचतो कोण? वाईरकरांनी रेखाटलेला कृष्ण आणि त्यांनीच रेखाटलेला सुपंडी देशभरातील असंख्य घरांत पोहोचले; चित्रकार मात्र श्रेयनामावलीतील एका ओळीपुरताच उरला.

१९६७मध्ये दिल्ली दूरदर्शनवरील एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवतांची माहिती होती, पण रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही. ते पाहून अनंत पै यांना या मालिकेची निकड जाणवली, ही कथा सर्वश्रुत आहे. पै यांनी त्याआधी टाइम्स समूहात ‘इंद्रजाल कॉमिक्स’चे काम पाहिले होते. इंडिया बुक हाऊसने काढलेल्या नव्या मालिकेचे पहिले दहा अंक पाश्चात्त्य परीकथांचे होते. अकरावा अंक ‘कृष्ण’. तो १९६९-७०च्या सुमारास आला आणि मालिकेचा खरा प्रारंभ तोच मानला जातो. संहिता पै यांची, चित्रे वाईरकरांची.

हे काम वाटते तितके सोपे नव्हते. कृष्णाची प्रतिमा तोवर राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांतून आणि भिंतीवरच्या कॅलेंडरांतून घरोघरी ठरून गेली होती. परंतु कॅलेंडरातील देव स्थिर उभा असतो. चित्रकथेतील देवाला धावावे, झाडावर चढावे, कालियाशी झुंजावे लागते. एकच चेहरा शेकडो चौकटींत, वेगवेगळ्या कोनांतून आणि तरीही ओळखू येईल असा काढावा लागतो. पाश्चात्त्य चित्रकथांचे चौकटींचे व्याकरण आणि आपल्याकडील देवचित्रांचे सौष्ठव यांचा मेळ वाईरकरांनी घातला आणि पुढच्या चित्रकारांना एक वाट आखून मिळाली. त्या काळी खर्च वाचविण्यासाठी निळा, पिवळा व हिरवा अशा मोजक्या रंगांत छपाई होत असे. त्यामुळे चित्राचा भार रंगावर टाकता येत नव्हता, तो रेषेनेच पेलावा लागे. संपूर्ण रंगीत छपाई नंतरची.

आणखी एक अडचण वाचकाच्या सहसा ध्यानात येत नाही. ही पुस्तके इंग्रजीबरोबरच मराठीसह अनेक भारतीय भाषांत निघत. चित्र तेच, संवाद मात्र बदलणारे. इंग्रजीतील चार शब्दांचे वाक्य दुसऱ्या भाषेत सात शब्दांचे होऊ शकते. संवादांच्या फुग्यांना जागा ठेवून, पात्रांची गर्दी सांभाळून, पुन्हा प्रसंग जिवंत ठेवायचा, ही बत्तीस पानांची कसरत होती. कोऱ्या कागदावर मुक्तपणे चित्र काढणाऱ्याला तिची कल्पना येणे कठीण.

वाईरकरांचा हात दोन रीतींनी चाले. ‘हनुमान’सारख्या पौराणिक अंकांत प्रमाणबद्ध शरीरे, भारदस्त हालचाली, तर बिरबलाच्या गोष्टींत तीच रेषा किंचित सैल होऊन विनोदाकडे झुकते. या दुसऱ्या रीतीचे पूर्ण फळ म्हणजे सुपंडी. ‘टिंकल’ हे मासिक एप्रिल १९८०मध्ये सुरू झाले आणि १९८३मध्ये त्यात सुपंडी अवतरला. मूळ गोष्टी तमिळ लोककथांतल्या. एका वाचकाने पाठविलेल्या. सांगितलेले शब्दशः पाळणारा हा नोकर कागदावर केवळ मूर्ख ठरला असता. वाईरकरांनी त्याला निमुळते डोके दिले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे निर्मळ चेहरा दिला. आपण काही चुकलो आहोत, याची त्याला शेवटच्या चौकटीतही कल्पना नसते. कपाळाला हात लावतो तो मालक. हसू येते ते या दोन चेहऱ्यांतील अंतरामुळे. कृष्णापेक्षा सुपंडी ही त्यांची अधिक स्वतंत्र निर्मिती म्हणावी लागेल, कारण तिच्यासाठी कोणतेही कॅलेंडर समोर नव्हते.

‘अमर चित्र कथा’वर टीकाही झाली. देव व राजे गोरे-देखणे, राक्षस काळे-बेढब आणि स्त्रिया ठरावीक साच्यातल्या, हा अभ्यासकांचा आक्षेप आहे. तो केवळ संहितेवर ढकलता येणार नाही. त्यात चित्रांचाही वाटा आहे. मुलांच्या मनात शब्दांआधी चित्र बसते, हे या मालिकेचे बळ होते आणि तीच तिची जोखीमही.

या दालनात मराठी नावांची दाटी आहे. टोपीखाली डोळे झाकलेला ‘शिकारी शंभू’ वसंत हळबे यांचा, ‘कालिया’ कावळा प्रदीप साठे यांचा. प्रताप मुळीक यांनी ‘अमर चित्र कथा’नंतर दिल्लीच्या राज कॉमिक्ससाठी १९८६पासून ‘नागराज’ उभा केला. ही पात्रे कोणाच्या हातची, हे ती वाचत मोठ्या झालेल्या किती जणांना सांगता येईल? पात्रांची मालकी प्रकाशनसंस्थेकडे असते. २००७मध्ये इंडिया बुक हाऊसकडून हा सारा ठेवा एसीके मीडियाकडे गेला, तेव्हा सुपंडीही त्याबरोबर गेला.

वाईरकरांचे २००३मध्ये निधन झाले. त्यानंतर सुपंडीची चित्रे त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर यांनी काढली. वडिलांनी दिलेले ते निमुळते डोके त्यांनी तसेच ठेवले.