चर्चगेटची जॅझ-उपाहारगृहे

मुंबईत फोर्टकडून मरीन ड्राइव्हकडे जाणारा चर्चगेट स्ट्रीट (आजचा वीर नरिमन रोड) आणि त्याच्या लगतचा परिसर येथे १९५० व १९६० च्या दशकांत संध्याकाळी वाद्यवृंद वाजवणारी उपाहारगृहे. बॉम्बेलीज, बेरीज, बिस्त्रो, व्होल्गा, गेलॉर्ड आणि अस्टोरिया हॉटेलातले व्हेनिस ही त्यांतली ठळक नावे. १९५६ साली निघालेले गेलॉर्ड आजही चालू आहे. बाकीची बहुतेक नामशेष झाली. साहेब गेल्यावर मागे राहिलेली चैन, मूठभर श्रीमंतांनी केलेली नक्कल, अशी या संध्याकाळींची ओळख रूढ आहे. ती अपुरी आहे. टेबलाशी कोण बसले होते एवढेच तिच्यात दिसते, वाजवत कोण होते ते दिसत नाही. वाजवणारे बहुतांशी गोव्याचे होते. त्यांच्या दृष्टीने ही उपाहारगृहे म्हणजे कामाची जागा आणि तालीम होती, आणि त्या तालमीचा मोठा वाटा हिंदी चित्रपटसंगीतात व आधुनिक कोकणी गाण्यात आहे.

या संगीताची सुरुवात चर्चगेटला झाली नाही. १९३५ मध्ये लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा ताफा ताजमध्ये वाजवायला आला आणि त्यानंतर पियानोवादक टेडी वेदरफर्डने मुंबईला जॅझची गोडी लावली. त्यांच्याकडून ही शैली उचलायला गोवेकर तयारच होते. पोर्तुगीज गोव्यातल्या चर्चच्या शाळांत पोरांना लहानपणीच स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. पोटासाठी मुंबईला आलेली ही माणसे धोबी तलावच्या आसपास आपापल्या गावाच्या ‘कूड’मध्ये राहत, म्हणजे गावकऱ्यांनीच चालवलेल्या सामाईक बिऱ्हाडांत. हळदोण्याचा अँतोनियो झेवियर वाझ हा ट्रम्पेटवादक ‘चिक चॉकलेट’ म्हणून गाजला. त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. मिकी कोरियाचा वृंद ताजमध्ये १९३९ पासून सुमारे दोन दशके होता. मडगावच्या ख्रिस पेरीच्या वृंदात लॉर्ना कॉर्देरो व्हेनिसमध्ये गात असे.

दारूबंदीने हे सगळे बुडवले, असे वारंवार सांगितले जाते. सनावळी मात्र उलट बोलते. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा, आणि चर्चगेटचा बहर त्यानंतरचा. दारू विकता येत नसताना गिऱ्हाइकाला दोन-तीन तास बसवून ठेवायचे, तर जेवणाखेरीज वाद्यवृंद हेच मालकाच्या हातचे साधन होते. बंदीने संगीताला जागा करून दिली असावी, असा तर्क यावरून अधिक पटतो. उतार आला तो १९७० च्या दशकात. विजेच्या गिटारींचे छोटे ताफे आणि तबकड्या वाजवणारी डिस्कोथेक मालकाला स्वस्त पडू लागली. चांगल्या वादकाला दिवसा ध्वनिमुद्रणाचे काम मिळत होते, ते वेगळेच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गिरणगावचा कामगार तमाशाला जात होता, व्होल्गाची पायरी तो कधी चढला नाही. मग या संगीताला मुंबईचे का म्हणायचे? प्रेक्षकांपुरता हा आक्षेप मान्य करावा लागेल. पण उपाहारगृहात न गेलेल्या माणसानेही हे संगीत ऐकले आहे. सी. रामचंद्र म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. चिक चॉकलेट त्यांचा सहायक होता, आणि भगवानदादांच्या ‘अलबेला’त (१९५१) तो आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतो. लाहोरच्या हॉटेलात वाजवून आलेल्या सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशन व ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांची वाद्ययोजना लिहिली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलालांचे व्हायोलिनचे गुरू, आणि ‘अमर अकबर अँथनी’तले (१९७७) ते प्रसिद्ध नाव त्यांच्यावरूनच आले. संगीतकाराला सुचलेली चाल पन्नास वादकांनी एका वेळी वाजवायची, तर प्रत्येकापुढे लिहिलेला कागद हवा, आणि तो लिहू व वाचू शकणारी माणसे या जगातून आली. नक्कल म्हणावी, तर १९७१ चे ‘बेबदो’ हे गाणे ऐकावे : ब्रासची सगळी घडण हॉटेलातल्या बँडची, पण भाषा, विषय आणि ठसका कोकणी. हे गाणे गोव्याच्या गावोगावी पोहोचले.

यातले फार थोडे उपाहारगृहात ध्वनिमुद्रित झाले. संध्याकाळचे वादन संध्याकाळीच विरले. जे टिकले ते चित्रपटांच्या तबकड्यांवर, आणि त्यांच्या वेष्टनांवर संगीतकार, गीतकार, गायक यांची नावे असत. वाद्ययोजना लिहिणाऱ्याचे व वादकांचे बहुधा नसे. जुन्या गाण्यांच्या सूची आज नव्याने तयार करणाऱ्या संग्राहकांनी ही नावे शोधून प्रत्येक गाण्यापुढे लिहावीत.