धारगळची लसचाचणी आणि दुष्परिणामांची मोजणी

कोविड प्रतिबंधक लसींविषयीची चर्चा अजून थांबलेली नाही. २०२४ साली ‘कोव्हिशिल्ड’ आणि ‘कोवॅक्सिन’ या दोन्ही लसींच्या दुष्परिणामांची वृत्ते पाठोपाठ प्रसिद्ध झाली आणि लस घेऊन तीन वर्षे उलटलेल्या नागरिकांच्या मनात शंका निर्माण झाली. गोमंतकाच्या दृष्टीने या विषयाला एक वेगळे महत्त्व आहे. ‘कोवॅक्सिन’ची पहिली मानवी चाचणी देशातील ज्या मोजक्या इस्पितळांत झाली, त्यांत पेडणे तालुक्यातील धारगळ येथील रेडकर इस्पितळाचा समावेश होता.

पार्श्वभूमी

गोव्यात कोविडचे पहिले रुग्ण २५ मार्च २०२० रोजी आढळले. १९ एप्रिलला राज्यातील सातही रुग्ण बरे झाल्याने गोवा काही काळ कोविडमुक्त ठरला. मे महिन्याच्या मध्यास पुन्हा रुग्ण सापडू लागले आणि जूनच्या आरंभी मुरगाव तालुक्यातील वास्को येथील मांगोरहिल हा दाट वस्तीचा परिसर राज्यातील पहिला प्रतिबंधित विभाग म्हणून जाहीर झाला. मुरगावात संसर्ग फैलावत असतानाच जुलैमध्ये राज्याच्या उत्तर टोकाला, पेडण्यात, लसचाचणीची सिद्धता सुरू झाली.

‘कोवॅक्सिन’ ही निष्क्रिय विषाणूपासून बनवलेली लस आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने विलग केलेला विषाणू हैदराबादच्या ‘भारत बायोटेक’ने प्रयोगशाळेतील पेशींमध्ये वाढवला आणि रसायनाच्या साहाय्याने निष्क्रिय केला. असा विषाणू शरीरात वाढू शकत नाही, परंतु प्रतिकारयंत्रणेला त्याची ओळख पटते. मात्र निष्क्रिय विषाणू एकटा पुरेसा प्रतिसाद निर्माण करीत नाही. म्हणून त्यास ॲल्युमिनियमयुक्त पूरक घटकाची जोड दिली जाते.

येथेच सुरक्षिततेचा एक महत्त्वाचा प्रश्न उद्भवतो. १९६० च्या दशकात अमेरिकेत बालकांच्या श्वसनविकारावरील एका निष्क्रिय लसीने संरक्षण देण्याऐवजी पुढील संसर्ग अधिक तीव्र केला होता. प्रतिकारशक्तीचा कल चुकीच्या दिशेला गेल्यास असे घडू शकते. त्यामुळे ‘कोवॅक्सिन’च्या काही मिश्रणांत प्रतिसादाला इष्ट दिशा देणारा आणखी एक घटक मिसळण्यात आला आणि ती दिशा चाचणीत तपासली गेली.

पहिला टप्पा

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २ जुलै २०२० रोजी निवडलेल्या इस्पितळांना पत्र पाठवून १५ ऑगस्टपर्यंत लस उपलब्ध करण्याचे उद्दिष्ट कळवले. सहा आठवड्यांत मानवी चाचण्या पूर्ण होणे अशक्य असल्याची टीका शास्त्रज्ञांनी केली. दोनच दिवसांनी परिषदेने खुलासा केला, की सुरक्षिततेशी तडजोड केली जाणार नाही. प्रत्यक्षात पहिल्या टप्प्याचा शोधनिबंध ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’ या नियतकालिकात जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

१३ ते ३० जुलै २०२० या काळात देशातील ११ इस्पितळांत ८२७ इच्छुकांची तपासणी झाली आणि १८ ते ५५ वयोगटातील ३७५ निरोगी व्यक्ती निवडण्यात आल्या. त्यांपैकी ३०० जणांना लसीची तीन वेगवेगळी मिश्रणे देण्यात आली, प्रत्येकी १०० जणांना एक. उर्वरित ७५ जणांना विषाणूचा अंश नसलेला केवळ पूरक घटक टोचण्यात आला. हा झाला नियंत्रण गट. कोणाला काय मिळाले हे स्वयंसेवकाला आणि नोंद घेणाऱ्या डॉक्टरला ठाऊक नसते. त्यामुळे भीती किंवा अपेक्षा यांचा नोंदींवर परिणाम होत नाही.

लस मिळालेल्या तीन गटांत अनुक्रमे १७, २१ आणि १४ जणांनी त्रास झाल्याचे सांगितले. लक्षात घेण्याजोगी बाब ही, की नियंत्रण गटातील ७५ पैकी १० जणांनीही त्रासाची तक्रार केली. टोचल्याच्या जागी वेदना ही सर्वाधिक आढळलेली तक्रार होती. त्याखालोखाल डोकेदुखी, थकवा आणि ताप यांची नोंद झाली. सर्व तक्रारी सौम्य किंवा मध्यम स्वरूपाच्या होत्या. एका व्यक्तीला न्युमोनियासदृश गंभीर आजार झाला, पण तो लसीशी संबंधित नसल्याचा निष्कर्ष निघाला.

प्रतिकारशक्तीच्या बाबतीत, विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे तीन गटांत अनुक्रमे ८७.९, ९१.९ आणि ८२.८ टक्के व्यक्तींमध्ये निर्माण झाली. निवडक नमुन्यांत टी-पेशींचा प्रतिसादही दिसला आणि प्रतिसादाची दिशा इष्ट असल्याचे आढळले. त्यानुसार दिशादर्शक घटक असलेली दोन मिश्रणे दुसऱ्या टप्प्यासाठी निवडली गेली.

मोठी संख्या का लागते?

तीनशे जणांमध्ये एखादा दुष्परिणाम एकदाही दिसला नाही, तर एवढेच म्हणता येते, की तो बहुधा शंभरात एकापेक्षा अधिक वेळा घडत नाही. हजारात किंवा लाखात एखाद्याला होणारा परिणाम अशा चाचणीत दिसणे कठीण असते. म्हणून तिसरा टप्पा मोठा असतो. ‘कोवॅक्सिन’च्या तिसऱ्या टप्प्यात २५,७९८ प्रौढांचा सहभाग होता. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही गटांत त्रासाचे प्रमाण १२.४ टक्के, म्हणजे समसमान निघाले. लक्षणे असलेल्या कोविडपासून संरक्षणाचे प्रमाण ७७.८ टक्के, तर तीव्र आजारापासून ९३.४ टक्के आढळले. मात्र आपत्कालीन वापरास मान्यता ३ जानेवारी २०२१ रोजीच, म्हणजे हे निष्कर्ष हाती येण्यापूर्वी देण्यात आली होती. त्या घाईवरील आक्षेप रास्त होता. पुढे आलेल्या आकडेवारीने लसीची उपयुक्तता दाखवून दिली, तरी प्रक्रियेविषयीचा प्रश्न त्यामुळे पुसला जात नाही.

इतकी मोठी चाचणीही साधारण चार हजारांत एकापेक्षा दुर्मीळ दुष्परिणाम खात्रीने टिपू शकत नाही. ते लसीकरण सुरू झाल्यानंतरच कळतात. ‘कोव्हिशिल्ड’ या वेगळ्या तंत्राच्या लसीबाबत हेच घडले. रक्तात गुठळ्या होणे आणि त्याच वेळी प्लेटलेट्स घटणे हा अतिदुर्मीळ परिणाम युरोपात एप्रिल २०२१ मध्येच मान्य झाला होता. भारताच्या राष्ट्रीय समितीने मे २०२१ मध्ये ४९८ गंभीर घटनांचा अभ्यास करून २६ प्रकरणांत गुठळ्यांची शक्यता नोंदवली. हे प्रमाण दहा लाख मात्रांमागे ०.६१ इतके होते. २०२४ मध्ये ब्रिटनमधील न्यायालयात कंपनीने दिलेल्या कबुलीची बातमी झाली, तरी त्यातील वैद्यकीय माहिती तीन वर्षे जुनी होती.

लसीनंतर आणि लसीमुळे

मे २०२४ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठातील संशोधकांचा निबंध गाजला. ‘कोवॅक्सिन’ घेतलेल्या ९२६ जणांपैकी सुमारे एकतृतीयांश व्यक्तींना वर्षभरात विशेष लक्ष देण्याजोगे त्रास झाल्याचे त्यात म्हटले होते. त्या अभ्यासात लस न घेतलेल्यांचा तुलनात्मक गट नव्हता आणि माहिती दूरध्वनीवरून गोळा केली होती. सर्वाधिक नोंद श्वसनमार्गाच्या विषाणूजन्य संसर्गाची होती, जो लस न घेताही अनेकांना होतोच. वैद्यकीय संशोधन परिषदेने आक्षेप घेतला आणि त्याच वर्षी नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला. धारगळसह ११ इस्पितळांतील त्या ७५ जणांच्या नियंत्रण गटाचे मोल येथे कळते. तुलनेला दुसरा गट नसेल, तर ‘लसीनंतर’ आणि ‘लसीमुळे’ या दोहोंत भेद करता येत नाही.

लसीकरणानंतरच्या प्रतिकूल घटनांचे पाच प्रकार मानले जातात : लसीच्या गुणधर्मामुळे होणाऱ्या, उत्पादनातील दोषामुळे होणाऱ्या, साठवण वा टोचण्यातील चुकीमुळे होणाऱ्या, भीती-चिंतेतून उद्भवणाऱ्या आणि निव्वळ योगायोगाने घडणाऱ्या. कोणती घटना कोणत्या प्रकारात मोडते, हे नोंद झाल्यावरच ठरवता येते. त्यामुळे बालकांच्या नियमित लसीकरणासह कोणत्याही लसीनंतर तीव्र ताप, आकडी, श्वास घेण्यास त्रास किंवा अंगावर सूज अशी लक्षणे दिसल्यास त्वरित उपचार घ्यावेत आणि लस दिलेल्या आरोग्य केंद्रास ती घटना कळवावी. तक्रार नोंदवणे म्हणजे लसीला विरोध करणे नव्हे. दहा लाखांत एखाद्याला होणारा त्रास शास्त्राला कळतो, तो अशा नोंदींमुळेच.