अखाजीचा हिशेब

आमच्या खान्देशात शेतातल्या नोकरीचं वर्ष अखाजीला सुरू होतं. अक्षय तृतीयेला आम्ही अखाजी म्हणतो. त्या दिवशी माहेरी आलेल्या लेकी झोके घेतात, पितरांच्या नावानं घागर भरली जाते, घरोघरी सांजोऱ्या आणि आमरस. आणि त्याच दिवशी सालदार मोकळा होतो, नाहीतर आणखी एका वर्षासाठी बांधला जातो. साल ठरतं ते तोंडी. आधी उचल, मग महिन्याचं धान्य, अडीनडीला पाच-दहा रुपये. आणि आजारपणात चुकलेला दिवस ‘खाडा’ म्हणून मांडलेला. अखाजीला हिशेब होतो तेव्हा बहुतेक वेळा बाकी निघते ती सालदाराच्याच अंगावर. ती फेडायला पुढचं साल.

माझे आप्पा असे नऊ वर्षं एकाच घरी सालदार होते. पांझरेच्या काठचं गाव, धुळ्यापासून चार कोसांवर. १९७५ च्या अखाजीला मालकांनी हिशेब केला: खाडे ६१, अंगावर बाकी ४३० रुपये. मालकांनी चिठ्ठी लिहिली, आप्पांनी अंगठा दिला. आप्पांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या पावसाळ्याच्या आधी ते टायफॉइडनं पडले होते हे खरं, पण ६१ दिवस नाही. माझी माय चुलीमागच्या भिंतीवर गेरूनं रेघा ओढायची, चुकलेल्या दर दिवसाची एक. त्या रेघा ३८ होत्या. पण रेघा कोण मोजतो?

उचल देऊन माणूस बांधायची ही रीत जुनी, आणि एके काळी कायदाही तिच्याच बाजूचा होता. १८५९ चा तेरावा कायदा असा होता की उचल घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करता येई. पैसे परत कर नाहीतर काम पुरं कर, असा हुकूम होई. तो मोडला तर तीन महिन्यांपर्यंत कैद. सुरुवातीला हा कायदा कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या शहरांपुरता होता, पण इतर भागांत तो लागू करायची मुभा सरकारला होती. मालकानं शब्द मोडला तर त्याला मात्र या कायद्यात कैद नव्हती. १९२५ मध्ये तो रद्द झाला. कैदेची भीती गेली, चिठ्ठीची राहिली.

आप्पांच्या अंगात धीर कुठून आला, ते मला मोठेपणी उमगलं. तेव्हा नंदुरबार जिल्हा वेगळा झाला नव्हता. शहादा-तळोदा धुळे जिल्ह्यातच होतं. तिकडं अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांनी १९७२ पासून आदिवासी सालदार आणि मजूर उभे केले होते. तिकडच्या गोष्टी बाजाराच्या दिवशी आमच्यापर्यंत येत. सालदारसुद्धा हिशेब मागू शकतो, ही नवीच गोष्ट होती. त्यातच १९७५ च्या जुलैमध्ये आणीबाणीतला वीस कलमी कार्यक्रम आला. त्यात शेतमजुरांचं किमान वेतनही होतं आणि वेठबिगारीचं निर्मूलनही.

दिवाळीला आप्पांनी काम सोडलं. देवपुरात आमच्या नात्यातल्या एकाच्या खोलीवर आम्ही आलो. शेजारी एक निवृत्त गुरुजी राहत. त्यांनी किमान वेतन कायद्याखाली आप्पांचा दावा लिहून दिला. अशा दाव्याची मुदत तेव्हा सहा महिन्यांची होती. ती भरायला थोडेच दिवस उरले होते. पुढचे पाच महिने तारखा पडल्या. आप्पा नदी ओलांडून धुळ्याला जायचे, दिवसभर बसायचे, संध्याकाळी पुढची तारीख घेऊन यायचे. त्या दिवसाची हमाली बुडायची.

मग मालकच देवपुरात आले. का आले, तेही सांगतो. १९७५ च्या ऑक्टोबरात वेठबिगारीविरुद्ध अध्यादेश निघाला, १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. वेठबिगाराचं कर्ज त्यानं रद्द ठरवलं, आणि असं रद्द झालेलं कर्ज वसूल करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली. जी चिठ्ठी आप्पांच्या गळ्यात होती, तिचा आता मालकांनाही काच बसत होता.

गुरुजींच्या ओट्यावर दोघं समोरासमोर बसले. गुरुजींनी आधीच बजावलं, “दर कमी करून मिटवता यायचं नाही. किमान वेतनावर पाणी सोडणारा करार कायदा मानत नाही. दिवस किती भरले, यावर काय ते बोला.” मग ६१ आणि ३८ यांची ओढाताण झाली. माय दाराआडून म्हणाली, “भित्तडा पाही या!” शेवटी ४५ वर तुटलं. कायद्याच्या दरानं हिशेब केला तेव्हा आप्पांचेच ३२० रुपये मालकांकडे निघाले.

इथं अडलं. मालक म्हणाले, आधी दावा काढ, मग चिठ्ठी देतो. आप्पा म्हणाले, आधी चिठ्ठी, मग दावा. दोघांचंही चूक नव्हतं. नऊ वर्षांत एकमेकांच्या शब्दावर विश्वास ठेवावा असं काही उरलंच नव्हतं.

गुरुजींनी तोड काढली. चिठ्ठी ओट्यावर ठेवायला लावली आणि मला वाचायला सांगितली. मी सहावीत होतो. रक्कम वाचली, तारीख वाचली, आणि खालची ओळ वाचताना थांबलो. बाकी फिटेपर्यंत मुलगा गुरं राखील, असं लिहिलं होतं. मुलगा म्हणजे मीच. आप्पांना ती ओळ कुणी वाचून दाखवलीच नव्हती. ते मालकांकडं बघत राहिले. मालक जमिनीकडं बघत होते.

आप्पा चिठ्ठी फाडायला निघाले. गुरुजींनी हात धरला. “फाडलेल्या कागदाला कोण विचारतो? फिटल्याचं मागं लिहून घ्या आणि जपून ठेवा.” मालकांनी स्वतःच्या हातानं मागे लिहिलं: बाकी फिटली, बापाकडे व मुलाकडे काही येणे नाही. खाली सही, तारीख. चिठ्ठी गुरुजींच्या हाती राहिली.

दुसऱ्या दिवशी सगळे धुळ्याला गेले. अधिकाऱ्यापुढे पैसे मोजले, चिठ्ठी आप्पांच्या हाती आली आणि त्याच टेबलावर पुरसीस दिली. पुरसीस म्हणजे पक्षकारानं लेखी कळवणं. एकट्या आप्पांनी ‘माझी तक्रार नाही’ एवढंच लिहिलं असतं, तर मालकांची मागणी मोकळीच राहिली असती. म्हणून गुरुजींनी दोघांच्या नावानं लिहवून घेतली होती: दिवस उभयतांनी मोजून मान्य केले, रक्कम पोचली, एकमेकांकडे कसलंही येणे उरलं नाही, सबब दावा निकाली काढावा. अधिकाऱ्यानं आप्पांना मजकूर वाचून दाखवला, “कबूल आहे का?” विचारलं, मगच अंगठा घेतला. वाचून दाखवल्यावर दिलेला आप्पांचा तो पहिला अंगठा.

आता लोकअदालतीत असे वाद मिटतात. तिथल्या निवाड्याला हुकूमनाम्याचं बळ असतं, त्यावर अपीलही नाही. ओळखीतलं कुणी तिथं निघालं की मी एवढंच सांगतो: कागद दोन्ही बाजूंचा करा, सही करण्याआधी वाचून घ्या, आणि जुनी चिठ्ठी फाडू नका.

कचेरीबाहेर मालकांनी चहा सांगितला. आप्पांनी घेतला. निघताना मालक म्हणाले, “अखाजीले ये रे भो.” आप्पा म्हणाले, “येसू. जेवाले येसू, कामले नही.”

आणि ते खरंच गेले. मलाही नेलं. ओसरीवर मालकांच्या पंगतीला बसून जेवलो. त्या घरात आप्पा पंगतीला बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले. परतताना आम्ही आमच्या जुन्या घरी थांबलो. मायनं शेणमातीचा गोळा कालवून चुलीमागची भिंत सारवली. रेघा दिसेनाशा झाल्या.

चिठ्ठी अजून माझ्या ट्रंकेत आहे.