मोरसची वाट

करंज्यांचे सारण करताना माझी आजी साखरेला ‘मोरस’ म्हणे. हा शब्द मॉरिशसच्या नावावरून आला, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. त्या बेटावरची साखर मुंबईच्या बाजारात उतरे आणि बेटाचे नावच जिनसेला चिकटले. साखर इकडे येत होती तेव्हा माणसे तिकडे जात होती, आणि त्यांत आपल्या कोकणातली माणसे थोडीथोडकी नव्हती.

1835 साली मॉरिशसमधली गुलामगिरी कायद्याने संपली. उसाच्या मळ्यांना नवे हात हवे होते; ते मळेवाल्यांनी हिंदुस्थानात शोधले. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजातून 36 मजूर पोर्ट लुईला उतरले. ते कलकत्त्याहून निघाले होते. पुढे मद्रास व मुंबई ही बंदरेही या कामाला लागली आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे त्या बेटावर गेली. पहिले करार पाच वर्षांचे. पुरुषाला महिना पाच रुपये, वर तांदूळ, डाळ आणि मीठ. एका दिवसाचा खाडा झाला, तर दोन दिवसांची मजुरी कापत. बंदरातला जो धक्का चढून ही माणसे गेली, तो ‘आप्रवासी घाट’ 2006 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे.

या माणसांच्या नोंदवह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव, जिल्हा. पण शोधणाऱ्याची वाट सोपी नाही. कारकुनाने कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले, त्यामुळे गावे ओळखू येत नाहीत. पहिल्या पिढीचे नुसते नाव पुढच्या पिढीचे आडनाव झाले, आणि मूळचे आडनाव समुद्रातच राहिले. वहीत ‘रत्नागिरी’ म्हणून लिहिलेले गाव आज सिंधुदुर्गातही असू शकते, कारण तो जिल्हा 1981 साली वेगळा झाला.

आमच्या घरात खापरपणजोबांच्या एका बहिणीची गोष्ट दबक्या आवाजात सांगत. नवऱ्याने टाकलेली, एके दिवशी नाहीशी झाली, लोक म्हणाले, खाडीत बुडाली. तीन वर्षांपूर्वी माझा घटस्फोट झाला आणि मी माहेरी परतले, तेव्हा हीच गोष्ट मला पुन्हा ऐकवण्यात आली. सांगणाऱ्या काकूंचा हेतू वाईट नव्हता. बाईमाणसाने सांभाळून राहावे, इतकेच त्यांना सुचवायचे होते. मला मात्र त्या बाईचे पुढे काय झाले, याचा ध्यास लागला. दिवसा शाळा, रात्री पत्रे आणि जुने कागद, असे दीड वर्ष गेले. अखेर मॉरिशसहून एका नोंदीची नक्कल आली. तिचे नाव, तिच्या वडिलांचे नाव आणि आमचे गाव, तिन्ही जुळली. ती बुडाली नव्हती. मुंबईला जाऊन जहाजात चढली होती.

वाचकहो, तिला तिकडे सुख लागले असेल, असे मी म्हणणार नाही. उसाच्या मळ्यात कुणाला सुख लागले? शिवाय त्या वहीने माणसाला आकड्यात बसवले, हेही खरे. पण बायकांनाही त्यात स्वतःचा वेगळा क्रमांक होता. गावाने जिला बुडालेली ठरवले, ती तिथे स्वतःच्या नावाने आणि बापाच्या नावाने उभी आहे. ‘टाकलेली’ हा रकाना त्या वहीत नाही.

मॉरिशसमध्ये आजही मराठी मंडळी आहेत. गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुटी असते, आणि आपल्या जाखडीला तिकडे झाकरी म्हणतात. चार पिढ्यांची ताटातूट झाली, तरी पावलांनी ठेका सोडला नाही.

या जूनमध्ये शाळेच्या हजेरीपटावर मी माझे माहेरचे नाव लिहिले. मुख्याध्यापकांनी विचारले, “बाई, हेच कायम ठेवायचे ना?” मी होय म्हणाले, आणि पहिलीच्या मुलांची हजेरी घ्यायला वर्गात गेले.