कबरीवरचा सोसन

अब्बा गेले त्या वर्षीची गोष्ट. आमच्या घाटकोपरात दर नोव्हेंबरात काश्मिरी शालवाले येतात. पाठीवर गाठोडं घेऊन इमारतींचे जिने चढतात आणि उन्हाळ्याची चाहूल लागली की आपल्या मुलखाला परततात. त्यांतले एक वयस्क चाचा आमच्याकडे वर्षानुवर्षं येत आले आहेत. त्या वर्षी त्यांनी अब्बांची रिकामी आरामखुर्ची पाहिली आणि गाठोडं न सोडताच खाली बसले. फातेहा पढून झाल्यावर त्यांनी विचारलं, 'आपके यहाँ कब्र पर क्या लगाते हैं?' मी म्हटलं, सब्जा. ते म्हणाले, 'हमारे यहाँ सोसन.'

सोसन हा शब्द मला ठाऊक होता, फूल ठाऊक नव्हतं. फारसी आणि उर्दू शायरीत सोसनला दहा जिभा असतात, तरीही तो गप्प असतो. पाकळीला जीभ मानून शायरांनी ही कल्पना शतकानुशतकं वापरली. फूल न पाहता मीही ती वापरली आहे. चाचांनी मोबाइलवर छायाचित्र दाखवलं, तेव्हा प्रथमच कळलं की ज्याला इंग्रजीत आयरिस म्हणतात तोच हा. तीन पाकळ्या वर उभ्या, तीन खाली झुकलेल्या, आणि झुकलेल्या पाकळीवर मऊ केसांची एक पट्टी. या केसांमुळेच त्याला 'दाढीवाला आयरिस' म्हणतात. ही दाढी मधमाशीला आत शिरायची वाट दाखवते. आयरिस ही ग्रीकांची इंद्रधनुष्याची देवता. आपल्या डोळ्यांतल्या बुबुळाच्या रंगीत पडद्यालाही तिचंच नाव आहे.

काश्मिरात या झाडाचं एक नाव 'मज़ारमुंड' असं आहे. मज़ार म्हणजे तिथली दफनभूमी. वसंत ऋतूत खोऱ्यातली जुनी कबरस्तानं जांभळ्या आणि पांढऱ्या सोसनांनी भरून जातात. बादशहा जहांगीर १६२० मध्ये काश्मिरात गेला, तेव्हा त्याने उस्ताद मन्सूरकडून तिथल्या शंभरावर फुलांची चित्रं काढून घेतली. तशी नोंद त्याने स्वतःच्या आठवणींत केली आहे. पुढे त्याच्या मुलाने, शाहजहानने, बेगमेसाठी ताजमहाल बांधला. त्याच्या भिंतींच्या खालच्या भागात संगमरवरात जी फुलं कोरली आहेत, त्यांतही सोसन आहे. बादशहाच्या बेगमेची कबर असो की गावातल्या गरिबाची, फूल तेच.

पण कबरीवर सोसन लावण्याची रीत एकट्या काश्मीरची नाही. येमेन आणि सौदी अरेबियाच्या भागात एक पांढरा सोसन आहे. डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ योहान लांगे यांनी १८६० मध्ये त्याला 'आयरिस आल्बिकान्स' हे नाव दिलं. मुसलमान जिथे जिथे गेले, तिथे हे झाड त्यांच्या कबरींबरोबर गेलं. भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने ते स्पेनला पोचलं, आणि स्पेनमधून अमेरिकेला. यातली नवलाची गोष्ट अशी की हा सोसन वांझ आहे, त्याला बी धरत नाही. म्हणजे वाऱ्याने किंवा पाखरांनी तो एवढा दूर नेलेला नाही. कुणीतरी जमिनीतून गड्डा काढला, तुकडा केला, बरोबर घेतला आणि नव्या मुलखात आपल्या माणसाच्या कबरीवर लावला. जिथे हा सोसन रुजला, तिथे पूर्वी कुणाचा तरी हात पोचला होता. इतिहासाच्या पुस्तकांत लढायांच्या तारखा सापडतात, या हातांची नोंद सापडत नाही.

बागांमधल्या सोसनाचा इतिहासही असाच हातोहात झालेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केंब्रिजला मायकेल फॉस्टर नावाचे शरीरशास्त्राचे प्राध्यापक होते. पश्चिम आशियातल्या मिशनऱ्यांना पत्रं लिहून ते सोसनांचे गड्डे मागवत आणि त्यांचे संकर करत. काश्मीरचा सोसनही त्यांच्या बागेत होता. फॉस्टर १९०७ मध्ये वारले. त्यांच्यामागे, १९१२ मध्ये, त्यांचा एक पांढरा सोसन बाजारात आला. त्याचं नाव 'काश्मीर व्हाइट'. कबरस्तानातलं फूल असं विलायतेच्या बंगल्यांच्या बागांत जाऊन बसलं.

पुढच्या नोव्हेंबरात चाचांनी वर्तमानपत्रात गुंडाळून पाच गड्डे आणले. दिसायला थेट आल्यासारखे. मीही ते आल्यासारखेच लावले. दोन बोटं खोल, वर भरपूर शेणखत, रोज सकाळी तांब्याभर पाणी. तीन आठवड्यांत कुंडीला घाण वास सुटला. उकरून पाहिलं तर तीन गड्डे सडून लिबलिबीत झाले होते. चाचांना दाखवले तेव्हा ते रागावले नाहीत, पण म्हणाले, 'इसको दफ़न नहीं करते.'

खरंच, या झाडाचा पहिला धडा तोच आहे. सोसनाचा गड्डा पुरायचा नसतो. त्याची मुळं मातीत आणि पाठ उन्हात राहिली पाहिजे. दिवसाचं निदान सहा तास ऊन हवं. माती पाणी धरून ठेवणारी नको. ताजं शेणखत अजिबात नको, त्याने सड लागते. लावल्यावर एकदा पाणी, मग माती वरून सुकल्याशिवाय पुन्हा नाही. दोन गड्ड्यांत हात-दीड हात अंतर. वाळलेली पानं काढून टाकायची, गड्ड्यावर पालापाचोळा साठू द्यायचा नाही. तीन-चार वर्षांनी गर्दी झाली की गड्डे उपटून तोडायचे, कापलेला भाग सुकू द्यायचा आणि पुन्हा लावायचे. नवख्या माणसाचा हात माया म्हणून पाणी घालतो, आणि सोसन मायेनेच मरतो.

उरलेले दोन गड्डे मी विटांचे तुकडे आणि वाळू घालून पसरट कुंडीत लावले. जानेवारीत पंख्यासारखी हिरवी पानं आली. पावसाळ्यात कुंडी खिडकीच्या आत घेतली. पानं टिकली. फूल मात्र आलं नाही. दुसऱ्या वर्षीही आलं नाही. कारण साधं आहे. या झाडाला फुलण्याआधी खरी थंडी लागते, आणि आपल्याकडे जानेवारीतही रात्री चादर पुरते. पावसाचं तर बोलायलाच नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. श्रीनगरला वर्षभरात सुमारे सातशे मिलिमीटर पडतो. ज्या शहरात एका दिवसात काश्मीरच्या वर्षाहून जास्त पाणी येतं, तिथे सोसनाने कुठे पाठ शेकावी?

मला तो गड्डा अब्बांच्या कबरीवर लावायचा होता. कबरस्तानातल्या गोरकनाला विचारलं. कुदळ टेकवून तो म्हणाला, 'साहेब, पावसात इथं पाणी तुंबतं. आणि काही वर्षांनी याच जागेत दुसरी मय्यत येणार.' हे मला माहीत होतं, तरी ऐकवलं नाही. मुंबईत मेलेल्यांनाही जागा पुरत नाही. एका कबरीच्या जागेत पुढे दुसरी होते. शिल्लक राहतात ती भिंतीकडेची झाडं.

त्या भिंतीकडे खुरचाफा होता. मी त्याच्याकडे प्रथमच नीट पाहिलं. हा चाफाही इथला नव्हे, तो मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा. आपल्याकडे त्याला शेंगा क्वचितच धरतात, तोही फांदी तोडून हातोहात पसरला. देवळाच्या आवारात तो आहे, कबरस्तानातही आहे. काश्मिरात जे काम सोसन करतो, ते आपल्या मुलखात चाफा आणि सब्जा करतात. पैगंबरसाहेबांनी खजुराची ओली फांदी दुभंगून दोन कबरींवर लावली, अशी हदीस आहे. तिथे खजूर होता म्हणून खजूर. महत्त्व त्या ओलेपणाला असावं, असं मला वाटतं.

मी अब्बांच्या कबरीवर सब्जा पेरला. आठवड्यात उगवला. माझ्या कुंडीतला सोसन एव्हाना पसरला होता. मार्चमध्ये चाचा परत निघाले, तेव्हा त्याचा एक तुकडा त्यांच्या हाती दिला. दोन हिवाळ्यांनी त्यांनी पुन्हा मोबाइल पुढे केला. त्यांच्या अम्मीच्या कबरीवर तीन जांभळी फुलं होती. घाटकोपरात रुसलेला सोसन आपल्या थंडीत जाऊन बोलला होता.

भिंतीकडे चाफ्याची एक फांदी लावायला गोरकनाने आता परवानगी दिली आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी लावायची. कापलेलं टोक आधी चार-पाच दिवस सावलीत सुकवायचं आणि पाणी बेताने घालायचं, एवढं आता मला कळतं.